टपावरचा हजेरीपट

शनिवारी दुपारी नानांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि तो मध्येच अडखळला. मागच्या काचेच्या जरा वर तळहाताएवढा फुगा आला होता. दाबला की बसायचा, हात काढला की पुन्हा डोकं वर काढायचा.

गाडी नानांच्या वडिलांची, एकोणीस वर्षांपूर्वी नानांकडे आलेली. इंजिन कुरकुरत चालायचं, दरवाजे दोनदा आपटल्याशिवाय लागत नसत. पण तिचं सगळं वैभव टपावर होतं. तिथे पत्र्यावर काळं विनाइल चिकटवलेलं होतं, चामड्यासारखं रवाळ. हे विनाइल म्हणजे भारी नाजूक प्रकरण. उन्हाने तडकतं, पावसाचं पाणी खाली शिरलं की सुटतं, तेल लावलं तर धूळ धरून बसतं. म्हणून नाना गाडी शेडमध्ये ठेवत, दर रविवारी मऊ ब्रशने आणि कोमट साबणपाण्याने टप धूत, सुती फडक्याने टिपून घेत आणि स्वतः कचेरीत बसने जात. एकोणीस वर्षांत बायको त्या गाडीत दोनदा बसली होती. एकदा ऊन वाढलं म्हणून आणि एकदा आभाळ भरून आलं म्हणून नानांनी गाडी अर्ध्या वाटेवरून घरी आणली होती. त्यानंतर तिने तो नाद सोडला.

फुग्याचं ऐकून गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या कुशनवाल्याने फोनवर उपाय सांगितला. सुईने भोक पाडायचं, सिरिंजने आत गोंद सोडायचा आणि वर काहीतरी सपाट नि जड रात्रभर ठेवायचं. तो आणखीही काही सांगत होता, पण नानांना धीर कुठला. त्यांनी फोन ठेवला आणि गोंद आणायला धावले.

गोंद आत गेला. आता सपाट आणि जड काय? पोळपाट गोल आणि मधोमध झिजलेला. ट्रंकेला खाली खिळे. मग त्यांची नजर टेबलावर गेली. नाना कचेरीत हेडक्लार्क. महिनाअखेरच्या रजा जुळवायला त्यांनी हजेरीपट घरी आणला होता. जाड पुठ्ठ्याचा, कापडी बांधणीचा, सहा किलोंचा. नानांनी तो फुग्यावर ठेवला आणि वर पाण्याने भरलेली बादली.

रविवारी सकाळी बादली निघाली. हजेरीपट निघाला नाही.

कुशनवाला येऊन बघून गेला. मध्ये प्लास्टिकचा कागद घाला असं तो सांगत होता तेवढ्यात यांनी फोन ठेवला, हे त्याने शांतपणे नानांच्या बायकोला सांगितलं. गोंद सुईच्या भोकातून वर आला होता. आता पेट्रोल लावावं तर विनाइलचा रंग जाईल, ओढावं तर विनाइलच येईल.

"मग हजेरीपटाचा मागचा पुठ्ठा कापा," बायको म्हणाली.

नानांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने पुढे काही सुचवलं नाही. त्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पानांच्या संख्येचा दाखला होता, त्यावर साहेबांची सही आणि मोहोर. तो कापणं म्हणजे सरकारी दस्तऐवजाशी छेडछाड. निवृत्तीला तीन महिने उरले असताना.

सोमवारी नाना एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गाडी घेऊन कचेरीत गेले. साहेब आवारात आले, गाडीभोवती फिरले आणि चष्मा पुसत उभे राहिले. साहेब वयाने लहान, पण नियमाला पक्के.

"नाना, दोनच मार्ग आहेत. पुठ्ठा कापा, नाहीतर टप कापा."

"साहेब, पुठ्ठा मला कापता येत नाही," नाना म्हणाले, "आणि टप कापवत नाही."

तेव्हा तिसरा मार्ग निघाला. नवा हजेरीपट मंजूर होईपर्यंत गाडीने रोज सकाळी दहाला आवारात हजर राहायचं.

पुढचे सात आठवडे नानांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. बेचाळीस माणसं रांगेने यायची, टपावर कोपर टेकून सही करायची. उंचीने कमी असलेल्या टायपिस्टबाईंसाठी शिपायाने स्टूल आणून दिलं. त्या तोल सावरायला टपाचाच आधार घेत. जमाखर्चवाल्याने चहाचा पेला टेकवला, त्याचं गोल वळं उठलं. पेन चालत नसलं की माणसं ते विनाइलवर गिरवून बघत. उशिरा येणाऱ्यांसाठी गाडी बारापर्यंत उन्हात ठेवावी लागे. नाना टपावर छत्री धरून उभे राहत आणि स्वतः उन्हात भाजत. जेवण जाईनासं झालं. बायकोने विचारलं तर म्हणत, "आज तडा गेला." कुठे, हे ती विचारत नसे.

मुख्यालयाला पत्र नानांनीच लिहिलं होतं. हजेरीपट गाडीला चिकटवला, असं लिहायला त्यांचा हात धजेना. शेवटी त्यांनी लिहिलं, की हजेरीपटाला काही साहित्य चिकटले असल्याने तो वापरण्यास गैरसोयीचा झाला आहे.

आठव्या आठवड्यात उत्तर आलं. नवा हजेरीपट मंजूर. जुना मात्र, चिकटलेल्या साहित्यासह, अभिलेख कक्षात जतन करावा.

नानांनी पत्र तीनदा वाचलं. साहेबांनीही वाचलं.

"साहेब, साहित्य म्हणजे गाडी आहे."

"शब्द तुमचाच आहे, नाना."

अभिलेख कक्ष म्हणजे कचेरीच्या मागचं जुनं गॅरेज. चौघांनी ढकलून गाडी फायलींच्या कपाटांमध्ये उभी केली. अभिलेखपाल बाई करड्या शिस्तीच्या. ऊन नाही, ओल नाही, धुळीचा कण नाही. आठवड्यातून दोनदा कोरड्या मऊ फडक्याने पुसणं. महिन्याभरात टपावर अशी तकाकी आली, जी नानांच्या हातून कधी आली नव्हती. ते बघून त्यांना जास्तच रडू फुटलं.

"किती वर्षं ठेवतात?" त्यांनी विचारलं.

"तीस. मग नष्ट करतात," बाई म्हणाल्या, "चिकटलेल्या साहित्यासकट."

निवृत्तीनंतर नानांनी रीतसर अर्ज केला. जुने दस्तऐवज पाहायला गुरुवारी दुपारी परवानगी मिळते. ज्येष्ठ अर्जदाराला मदतनीस म्हणून एक माणूस आणता येतं. नानांनी बायकोला आणलं.

बाईंनी दोघांच्या सह्या घेतल्या आणि टपाला हात लावायचा नाही असं बजावलं. नानांनी दार उघडून धरलं. बायको पुढच्या सीटवर बसली, पदर सारखा केला, काच खाली घेतली आणि कोपर बाहेर काढून आरामात टेकली. नाना शेजारी बसले. समोर छतापर्यंत फायली. मग नानांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

"लांब," ती म्हणाली. "साडेपाचपर्यंत वेळ आहे."