तांदळावरचं नाव

“मथुरे, मी असेन-नसेन, मत चुकवू नकोस.” नरहरींनी शेवटच्या दिवसांत दवाखान्यात बायकोचा हात धरून सांगितलं होतं आणि मथुराकाकी हो म्हणाल्या होत्या. त्यांच्यामागे ही पहिलीच निवडणूक. मत घालीपर्यंत तोंडात पाणीही घ्यायचं नाही, असं काकींनी देवापुढे ठरवलं.

वटार गावातून शेजारचे चंद्रहासभाऊ उभे होते. नव्या इमारतींतले लोक बोगस मतं घालतात, ही त्यांची पक्की समजूत. अर्जावर अर्ज करून त्यांनी ओळखपत्रांची तपासणी कडक करून घेतली. कार्ड आणि यादी, अक्षरन् अक्षर जुळायला हवं.

मतदानाच्या दिवशी इमारतीवाले आले, झटपट मतं घालून गेले. अडकल्या त्या वाडीतल्या बायका. यादीत त्यांची सासरची नावं, कार्डावर माहेरची. कारण कार्डांच्या शिबिरात शाळेचे दाखले आणायला लावले होते. शिबिर भाऊंनीच भरवलं होतं. आजवर सगळे ओळखीचे, म्हणून कधी अडलं नाही.

भाऊंची बायको सुमेधा सकाळीच मत न घालता परत आली. तिच्यावर हरकत घेतली ती भाऊंच्याच एजंटने, पुतण्या संकेतने.

“काका, तुम्हीच बोललात ना, एक पण अक्षर सोडू नको.”

“अरे, पण घरच्या काकूला?”

मथुराकाकींची पाळी आली. अधिकाऱ्याने कार्ड पाहिलं. “आजी, ही तर वसुंधरा.”

“ती पण मीच. लग्नात ह्यांनी अंगठीनं तांदळावर मथुरा लिहिलं.”

“तांदूळ पुराव्यात धरत नाहीत, आजी,” तो हळूच म्हणाला.

काकी बाहेर बाकावर येऊन बसल्या. नरहरी ज्या नावाने हाक मारीत, ते नाव आज कोणाचंच नव्हतं. त्या रडताहेत हे कळायला सगळ्यांना वेळ लागला, इतक्या त्या हळू रडत होत्या.

डबा खायला बाहेर आलेल्या संकेतला राहवलं नाही. त्याने मोबाइलवर कार्डावरचं नाव शोधलं.

“काकी, वसुंधरा आहे यादीत. गासला, तुमच्या गावी. तुमचं माहेरचं नाव कोणी काढलंच नाही.”

भाऊ चुळबुळले. “वहिनी, तिथे मी नाही उभा. तिथे सगळा समोरच्यांचाच जोर.”

“ठाऊक आहे, भाऊ. मत चुकवू नको, एवढंच हे म्हणाले. कुणाला घालायचं ते सांगायचं राहून गेलं.”

गासला वसुंधरा म्हणून ओळखणारं आता कोणी उरलं नव्हतं. पण ओळखीची गरजच कुठे होती, कार्ड होतं. काकींनी पदर सारखा केला, सुकल्या ओठांनी ते नाव एकदा पुटपुटून पाहिलं आणि त्या रिक्षा गाठायला निघाल्या.