गेलेल्या शेफचं तिकीट

ढगोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, ते बायकोने ठेवलेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने त्याला गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं, आणि त्याने ते अगदी मन लावून ठेवलं. दूध वर आलं, फुगलं, पातेल्याच्या काठावर क्षणभर थबकलं आणि ओट्यावरून खाली उतरलं, तरी हा आपला एकटक बघतोच आहे.

"अहो, गॅस बंद नाही का करायचा?"

"तू लक्ष ठेवायला सांगितलं होतंस," तो म्हणाला. (मुद्दा बिनतोड होता, पण संसारात बिनतोड मुद्द्यांचा उपयोग नसतो.)

असा हा माणूस टपाल खात्यात तिकिटांवरची चित्रं काढायला होता, आणि नोकरी त्याला अंगच्या कपड्यासारखी बसली होती. नखाएवढ्या जागेत अख्खा डोंगर बसवायचा, आणि डोंगराला घाई नसते.

त्या वर्षी साहेबांच्या डोक्यात नामवंत शेफ आले. "राजे झाले, पक्षी झाले, पूल झाले. आता ज्यांनी लोकांची पोटं भरली त्यांची तिकिटं काढू," ते म्हणाले. चार शेफ निवडले. हयात माणसाचं तिकीट काढायचं नाही, हा खात्याचा नियम. तिघांबद्दल शंकाच नव्हती, एकाचा तर पुतळाही होता. चौथे मात्र स्टेशनजवळच्या जुन्या हॉटेलातले. त्यांच्या सूपासाठी एके काळी लोक दाराबाहेर रांग लावत. पुढे हॉटेल पाडलं आणि त्यांचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

साहेब फाईल घेऊन ढगोबाच्या टेबलाशी आले. तो खिडकीत ठेवलेल्या चहाच्या कपाकडे बघत होता. उन्हाच्या तिरिपीत वाफ वळत होती, विरत होती, पुन्हा वळत होती.

"गेले ना ते?" साहेबांनी विचारलं.

सकाळपासून साहेबांच्या केबिनमध्ये दोन पाहुणे ठाण मांडून बसले होते. ढगोबाला वाटलं, त्यांच्याबद्दलच विचारताहेत.

"हो, मघाशीच गेले."

"अरेरे! कशाने?"

"टॅक्सीने."

साहेबांनी डोळे मिटले, हळहळले, आणि फाईलवर लिहिलं, 'टॅक्सी अपघातात निधन'. तेच पुढे वर्तमानपत्रात, तिकिटाच्या बातमीत, चित्रकाराच्या नावासकट छापून आलं.

ढगोबाने ते वाचलं नाही. घरी जेवणाच्या टेबलावर त्याने रंग मांडले होते आणि कुठल्याशा जुन्या मासिकातल्या फोटोवरून तो शेफ काढत होता. उंच टोपी, जाड भुवया, पुढ्यात सूपाचा वाडगा. चेहरा चटकन जमला. वाफ जमेना. वाफेला रंग नसतो, कडा नसते, ती असते तेवढ्यात नसते. बायको रोज त्याच्यापुढे गरम पाण्याचा वाडगा आणून ठेवी, तो बघत बसे, पाणी निवे, ती पुन्हा तापवी. घरातले सगळे मांडीवर ताट घेऊन जेवू लागले. (सगळे म्हणजे दोघंच. पण बायको तक्रार करताना "घरातले सगळे" म्हणायची.)

एका रविवारी सकाळी बेल वाजली. बायकोने दार उघडलं तर दारात एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ, हातात छत्री.

"तिकिटांचे चित्रकार इथेच राहतात का?"

"हो. आपण?"

"मी टॅक्सीखाली गेलो असं पेपरात वाचलं. म्हटलं, नक्की कुठे गेलो ते विचारून यावं."

बायकोने त्यांच्या भुवयांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या चित्रातल्या भुवयांकडे पाहिलं, आणि तशीच मागे वळून हाक मारली, "अहो! तुमचं चित्र आलंय!"

सगळा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. 'टॅक्सीने' या शब्दापाशी ढगोबाने कपाळावर हात मारून घेतला. आजोबा मात्र रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसून चित्र उजेडात धरलं, जवळ नेलं, लांब नेलं.

"नाक जरा मोठं काढलंत," ते शेवटी म्हणाले. "ते चालेल. पण सूप गरम दिसायला हवं. हे महत्त्वाचं."

"पण आजोबा," ढगोबा चाचरत म्हणाला, "तुम्ही आहात म्हणजे... आता तिकीट निघणार नाही."

आजोबा खुर्चीवर बसले. "ज्या जागी हॉटेल होतं तिथे आता गाड्या उभ्या करतात," ते म्हणाले. "माझं सूप प्यायलेली माणसंही एकेक करून चालली. कुठेतरी राहावं असं वाटतं हो. तिकिटाएवढी जागा पुरे होती मला." मग एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, "कधी निघायचं होतं तिकीट?"

"पुढच्या महिन्यात."

"मग तोवर मी गेलेलाच बरा!"

"राहता कुठे तुम्ही?" बायकोने विचारलं.

"स्टेशनमागे. एकटाच. तीच तर पंचाईत. शेजारीपाजारी दिवसातून चारदा दार वाजवतात, 'आजोबा, आहात ना?' मला 'आहे' म्हणावं लागतं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो पुन्हा वाफेकडे बघत होता. "मग इथेच राहा," ती म्हणाली. "कुणी विचारलंच तर माझे मामा. आणि या घरात कोण आहे, कोण नाही, हे यांच्या लक्षातही यायचं नाही."

अशा रीतीने गेलेले शेफ मुक्कामाला आले आणि त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. ते दिवस ढगोबाला पुढे कित्येक वर्षं स्वप्नासारखे आठवत. पहाटेपासून मोठ्या पातेल्यात काहीतरी मंद आचेवर रटरटत असे. खिडक्यांच्या काचा धुरकट व्हायच्या आणि बाहेरचा रस्ता, झाडं, सायकलवरची माणसं, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसायचं. भाजलेल्या कांद्याचा वास पडद्यांत, उशांत, वहीच्या पानांत मुरला. बायको पाय वर घेऊन खुर्चीत कादंबरी वाचायची आणि मधूनच, कारण नसताना, हसायची. आजोबा कढईशी हलक्या आवाजात बोलायचे, "थांब गं, घाई काय आहे?" ढगोबाला कांदे चिरायला बसवलं होतं. त्याचे डोळे सारखे भरून येत, आणि भरल्या डोळ्यांनी बघितलं तेव्हा कुठे त्याला वाफ नीट दिसली. त्याच दुपारी त्याने ती एका दमात रंगवली.

पण वास घरात राहिला नाही, डब्यातून कचेरीत गेला. साहेबांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, मग डबाच आपल्याकडे ओढला.

"वहिनींच्या हाताला काय चव आहे हो! येत्या रविवारी मी जेवायलाच येतो. चित्रही बघून होईल."

"या की," ढगोबा म्हणाला. तो तेव्हा खिडकीबाहेर बघत होता. रविवारी सकाळी साहेब दारात उभे राहिले तेव्हा त्याला आपण काय बोलून बसलो ते उमगलं.

बायकोने मामांना स्वयंपाकघरात लोटलं आणि दार ओढून घेतलं. "काही झालं तरी बाहेर यायचं नाही!"

"मला काय वेड लागलंय?" मामा आतून म्हणाले.

सूप आलं. साहेबांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि त्यांचा हात तसाच थांबला. खिडकीतून येणारं ऊन वाडग्यावर पडलं होतं. साहेबांचा आवाज बदलला. "मी परीक्षेत पहिला आलो तेव्हा वडील मला त्या हॉटेलात घेऊन गेले होते. अगदी हेच सूप. बापलेक गप्प बसून प्यायलो. वडील असे शेजारी बसलेत असं वाटतंय मला आत्ता." त्यांनी डोळे टिपले. स्वयंपाकघराच्या दारामागे काहीतरी हललं, नाक ओढल्याचा आवाज आला. बायकोने मोठ्याने खोकून घेतलं.

साहेबांनी वाडगा चाटून पुसून संपवला, आणि मग, निव्वळ चांगुलपणापोटी, म्हणाले, "खरं सांगू का वहिनी? तुमचं सूप त्या शेफपेक्षाही सरस आहे."

दार धाडकन उघडलं.

"सरस?" हातात पळी, अंगात एप्रन, भुवया टोपीपर्यंत चढलेल्या. "माझ्यापेक्षा सरस सूप या शहरात झालं कधी? हे माझंच आहे!"

साहेबांनी भिंतीला टेकवलेल्या चित्राकडे पाहिलं, मग दाराकडे. "पण तुम्ही तर गेलात!"

"गेलो होतो," आजोबा म्हणाले. "आलो."

साहेबांनी वाडगा बाजूला सारला. मग साहेब उठले. ढगोबाने नोकरीवर पाणी सोडलं. पण साहेबांनी जाऊन आजोबांचे दोन्ही हात धरले आणि एवढंच विचारलं, "अजून थोडं मिळेल?"

दुसऱ्या वाडग्यानंतर साहेबांनी तोडगा काढला. हयात माणसाचा चेहरा तिकिटावर चालत नाही, पण हयात सूपाबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. चेहरा, टोपी, भुवया, सगळं खोडलं. नावही गेलं. उरला वाडगा आणि त्यातून वर चढणारी वाफ. आजोबांनी मान तिरकी करून पाहिलं. "नाकाचा प्रश्न मिटला," ते म्हणाले. मग हळूच बोट टेकवून, "वाडगा माझाच आहे. मला ओळखू येतो."

तिकीट निघालं. आजोबा आपल्या खोलीवर परत गेले. शेजाऱ्यांनी म्हणे त्या दिवशी "आजोबा, आहात ना?" विचारलं तेव्हा त्यांनी दार सताड उघडून "आहे, आणि खात्याने मान्य केलंय!" असं सांगितलं.

आणि आश्चर्य म्हणजे तिकीट धडाक्यात खपलं. बाकीचे तिघे शेफ गठ्ठ्यांनी पडून राहिले, हा वाडगा मात्र कुठे टिकेना. दुसऱ्यांदा छापावा लागला. ढगोबा तरंगत चालू लागला. बायकोने एकदा त्याला भाजी आणायला पाठवलं आणि तो तरंगत तरंगत टपाल कचेरीत शिरला. लोक आपलं तिकीट कसं विकत घेतात ते एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणून रांगेत उभा राहिला.

त्याच्या पुढे एक आजीबाई होत्या. "ते सर्दीचं तिकीट आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"वाफाऱ्याचं ना? आहे की," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "आरोग्य खात्याने काढलंय. कित्ती छान दाखवलंय बघा, गरम पाण्याचा वाडगा, वर वाफ. आमच्या घरी तर पोरं ते बघून आपणहून वाफारा घ्यायला बसली."

"चित्र कुणी काढलंय?"

"असेल कुणीतरी डॉक्टर."

आजीबाई बाजूला झाल्या. खिडकीतल्या बाईंनी ढगोबाकडे पाहिलं. "तुम्हाला काय हवंय?"

ढगोबाने तोंड उघडलं. सूप, शेफ, हॉटेल, कला, सगळं घशाशी आलं. मागे रांग वाढत होती.

"वाफाऱ्याची दोन द्या," तो म्हणाला.

"सर्दी झालीये वाटतं," बाई म्हणाल्या. "डोळे किती भरलेत तुमचे!"