वाळवंटात धरलेलं टेबल

ऐन वाळवंटात सुबोधने खिशातून टिश्यूचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि नीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या गर्दीत, ठीक होतं. पाकीट ठेवलं की टेबल आपलं, हा सिंगापूरचा अलिखित कायदाच. पण हे ऑस्ट्रेलिया होतं, पर्थपासून दोन तासांवर. नजर जाईल तिथवर पिवळी वाळू, माणसाएवढे दगड, एक छप्पर, त्याखाली एक टेबल आणि भाड्याची एकच गाडी, तीही यांचीच.

"इथे कोण येणारे टेबल पळवायला? उंट?"

"सवय गं. फोटो काढून येईपर्यंत राहू दे."

नीता सकाळपासूनच धुमसत होती. संध्याकाळी सहाचं परतीचं विमान, उद्या नऊला सिंगापुरात पाया लेबारच्या नव्या ऑफिसात मॅनेजर म्हणून तिचा पहिला दिवस, आणि हा गृहस्थ दिसेल त्या दगडापाशी गाडी थांबवत होता! सुबोध आणि दहा वर्षांचा वरुण पुढे निघताच तिने ते पाकीट उचलून पर्समध्ये कोंबलं. जरा जड लागलं, पण रागात वजन कुणाला कळतं?

अर्ध्या तासाने तिघं भुकेजून परतले. रिकामं टेबल पाहून सुबोधचा चेहरा पांढराफटक पडला.

"पाकीट कुठंय?"

"उडालं असेल वाऱ्याने. बरं झालं, अद्दल घडली."

"अगं, गाडीची किल्ली खोचली होती त्यात! उडू नये म्हणून!"

नीताचा हात पर्सवर गेला. तेव्हाच पर्स उघडली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण चूक कबूल करायची तर आवाज खाली आणावा लागतो, आणि तिचा वर चढलेला होता.

"किल्ली? टिश्यूत? अरे, शहाणा माणूस असं करतो का? डबे गाडीत, पाणी गाडीत, पासपोर्ट गाडीत! फोनला रेंज नाही! आता विमान काय तुझे काका थांबवणारेत?"

सुबोध गुडघ्यांवर बसून वाळू चाळू लागला. एक वाजला, दीड वाजला. नीता त्याच्या डोक्यावर उभी राहून लग्नापासूनचा एकेक वेंधळेपणा उकरत होती. पावणेदोनला मात्र तिचा धीर सुटला. त्याची पाठ वळलेली पाहून तिने हळूच किल्ली काढली, टेबलाच्या पायाशी टाकली आणि ओरडली, "सापडली! बघ, मलाच सापडायची होती!"

"ममी," छपराच्या खांबाला टेकलेला वरुण त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "व्हाय यू थ्रो द की आह?"

सुबोधने गुडघे झटकले, किल्लीवरची वाळू फुंकली आणि गाडी उघडली. विमानतळ येईपर्यंत तो चकार शब्द बोलला नाही. ओरडला असता तर नीताला उलट ओरडता तरी आलं असतं. तो गप्प बसला याचाच तिला जास्त राग आला.

विमान मिळालं. नवी नोकरीही सुरू झाली. आठवडाभर त्याने विषय काढला नाही आणि तिची विचारायची हिंमत झाली नाही.

रविवारी हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये मोठ्या मुश्किलीने एक टेबल मिळालं. नीताने स्वतःहून नवंकोरं टिश्यूचं पाकीट काढून त्याच्यापुढे धरलं. तिच्या परीने ती माफीच होती.

"पाकीट नको," सुबोध शांतपणे म्हणाला. "तुझी पर्स ठेव. तिच्यात गेलेलं काही सापडत नाही."