बहात्तरपासूनचा व्हॉल्व्ह

गावच्या चौकात करिष्माच्या साखरपुड्याच्या मांडवाचा शेवटचा खांब रोवायला मांडववाल्या गणेशने पहार हाणली आणि जमिनीतून पुरुषभर कारंजं उडालं. सकाळचे नऊ वाजले होते. खामगावचे पाहुणे बाराला येणार होते. मुलीची आई आणि गावची सरपंच सारिकाताई इस्त्रीच्या साडीसकट भिजली.

"मेन लाइन फुटली," नळाचं पाणी सोडणारा कडूबा म्हणाला. "दुपारपर्यंत टाकी रिकामी."

"मंग व्हॉल्व्ह बंद कर ना."

"टाकीखालचा जाम हाये. दुसरा जमिनीत कुठीतरी हाये म्हणते, म्या कवाच पाह्यला नाही."

नळयोजनेचा नकाशा ग्रामपंचायतीच्या कपाटात होता, पण तो वाळवीने केव्हाच वाचून संपवला होता. मग शेजारच्या धाड गावाहून जेसीबी आला. पहिल्या खड्ड्यात खापरं निघाली, दुसऱ्यात खडक लागला आणि तिसऱ्यात जेसीबी स्वतःच रुतला. पाहुण्यांच्या गाड्यांचा रस्ताही बंद झाला.

हे सगळं सारिकाताईचे सासरे भाऊराव चौकाच्या कोपऱ्यातल्या बाकावरून शांतपणे पाहत होते. तीस वर्षं गावाला पाणी त्यांनीच सोडलं होतं. पण त्यांना काहीही विचारलं तरी ते बहात्तरच्या दुष्काळापासून सुरुवात करत. पूर्वी ते ग्रामपंचायतीच्या दारात बसत, आणि दाखल्याला आलेला माणूस दुष्काळ ऐकून दाखल्याशिवाय पळे. म्हणून गेल्या वर्षी सुनेने 'ज्येष्ठांच्या सोयीसाठी' हा सिमेंटचा बाक ग्रामपंचायतीपासून लांब बांधून दिला, वर स्वतःचं नाव कोरून. सुनेच्या सेवाभावाचं गावाला फार कौतुक वाटलं.

"बाबा, तो व्हॉल्व्ह कुठी हाये, तुमाले मालूम असंल."

"हाव. बहात्तरचा दुष्काळ पडला तवाची गोष्ट हाये."

"बाबा, निस्ती जागा सांगा ना."

"मले मधातून नाही आठवत, बाई."

"काका, पाव्हणे निघाले तिकून," गणेश मध्येच बोलला.

भाऊराव थांबले. "कुठी होतो मी? हाव. बहात्तरचा दुष्काळ पडला..."

सारिकाताईने गणेशला पिटाळलं, पदर खोचला आणि खालीच बसली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण सासऱ्यांची गोष्ट ती पहिल्यांदाच पुरती ऐकत होती.

"इथी निंबाचं झाड होतं. माही माय, तानाबाई, टँकरची वाट पाहत त्याच्याखाली बसे. एक दिवस रिकाम्या हंड्यासकट पडली, ते उठलीच नाही. मंग चौऱ्याऐंशीत नळ आला तवा म्या साहेबाशी भांडलो. म्हणलं, गावाच्या पाण्याची चावी राहीन त माही माय पडली तिथीच राहीन."

सारिकाताईच्या डोळ्यांत पाणी आलं. इथपर्यंत त्यांना कधी कोणी येऊच दिलं नव्हतं.

"शहाण्णवात निंब पडला," भाऊराव पुढे म्हणाले. "अन् मागच्या साली तुमी त्याच जागेवर हे बाकडं बांधलं."

"मंग तवाच काऊन नाही सांगितलं, बाबा?"

"सांगतच होतो. बहात्तरपर्यंत आलो, अन् तू म्हणली, जुनं काय उगाळता."

तिने स्वतःच घण मागवला. बाक फुटला, तिच्या नावाचे दोन तुकडे झाले आणि व्हॉल्व्ह सापडला.

साडेबाराला होणारे व्याही चंद्रशेखरराव जोडे हातात घेऊन चिखलातून आले. "काय झालं हो इथी?"

"काही नाही, पहार लागली..." गणेशने सुरुवात केली.

"असं मधातून नाही समजत," सारिकाताई म्हणाली. तिने सासऱ्यांसाठी मांडवात मधोमध खुर्ची ठेवली. "बसा सगळे. बहात्तरचा दुष्काळ पडला होता..."

"एकाहत्तरपासून घे, बाई," भाऊराव टेकत म्हणाले. "पाऊस तवाच दगा देऊन गेला होता."