तिसऱ्या नमस्कारानंतर

मी खुर्ची नाकारली, एवढाच माझा गुन्हा.

आमच्या कण्णिकाने मुलगा स्वतःच शोधला होता. त्याच्या आजीचा होकार तेवढा बाकी होता, आणि आजींनी आम्हाला बोलावलं ते नेमकं त्यांच्या घरी नऊ भिक्खूंना जेवण होतं त्या दिवशी. थायलंडमधल्या आमच्या खोन केनहून निघतानाच बायको, म्हणजे सायफोन, बजावू लागली.

"अहो, डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केलीय. मागे म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या ठेवतात, त्यातली एक घ्या."

"मी अठ्ठावन्नचा आहे. मुलीचा बाप म्हाताऱ्यांत बसला तर काय दिसेल?"

"गुडघे तरी अठ्ठावन्नचे दिसतात का?"

(डॉक्टरीणबाईंनी झिजलेल्या सांध्यांचा फोटो दाखवून रोज चालणं, मांड्यांचा व्यायाम आणि आठ किलो वजन कमी, असं सांगितलं होतं. त्यातला फोटो मी जपून ठेवला होता.)

तर मी पहिल्या रांगेत, दोन्ही पाय एका बाजूला दुमडून ऐटीत बसलो. आता पाय लांब करायची सोय नाही. भिक्खूंकडे तळवे केले असते तर सोयरीक तिथेच मोडली असती. मंत्रपठण पाऊण तास चाललं. दहाव्या मिनिटाला डावा गुडघा कुरकुरला, विसाव्याला उजव्याने बोंब ठोकली, पुढे दोघांनीही माझ्याशी बोलणंच टाकलं.

शेवटी तीन नमस्कार. कसाबसा गुडघ्यांवर आलो. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला कपाळ जमिनीला टेकलं आणि तिथेच राहिलं.

मंडळी उठली. मी वाकलेलाच आहे हे पाहून भावी व्याही पुन्हा वाकले. मग सगळेच वाकले.

"काय भक्ती आहे!" मागून कुणीतरी म्हणालं.

"बाबा, उठा ना!" कण्णिका कुजबुजली.

"उठता येत नाहीये गं."

"अहो बाबा, बारा वाजत आले! बारानंतर भिक्खू जेवत नाहीत!"

मला दरदरून घाम फुटला. नऊ भिक्खूंना उपाशी ठेवणाऱ्या माणसाच्या मुलीला सून कोण करून घेणार?

"उपासक," थोरले भिक्खू शांतपणे म्हणाले, "गुडघा का?"

"हो, भन्ते. दोन्ही."

"माझेही. म्हणून मी मुकाट्याने खुर्चीवर बसतो."

घरभर हशा पिकला. तेवढ्यात मुलाची आजी जमिनीवरून टुणकन उठली. वय वर्षं चौऱ्याऐंशी. तिने माझ्या काखेत हात घातले, एका हिसक्यात मला उभं केलं आणि नेऊन खुर्चीत बसवलं. मग ती सायफोनकडे वळली.

"मुलगी पसंत आहे हो आम्हाला. म्हातारं माणूस सांभाळायची सवय असलेली मुलगी हल्ली मिळते कुठे?"