तीन ते चार विश्रांती

शैलेंद्र मोहरीलला दोन गोष्टींचा अभिमान होता. त्याने आखलेली सहल पाच मिनिटंसुद्धा इकडची तिकडे होत नाही, आणि त्याला तिखट लागत नाही. यातला दुसरा अभिमान जुना. नागपुरात कॉलेजात असताना घरच्यांपासून लपवून त्याने सावजीचा रस्सा इतका ओरपला होता, की नंतर जगातलं कुठलंही तिखट त्याला वरणभातासारखं वाटे. असं तो सांगे. घरच्यांपासून लपवण्यात हात तेव्हापासूनच बसला होता, हे तो सांगत नसे.

न्यू ऑर्लिन्सच्या चार दिवसांचं वेळापत्रक त्याने छापून आणलं होतं. बायकोला एक प्रत, मुलीला एक, स्वतःला एक आणि एक पावसापाण्यासाठी प्लास्टिकमध्ये. दुसऱ्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं: नऊ वाजता बेन्ये (साखर पेरलेले गोड वडे) खाणे. साडेदहा, चर्च. साडेअकरा, लोखंडी जाळीचे सज्जे बघत पायी. साडेबारा, स्थानिक जेवण. तीन ते चार, विश्रांती.

"विश्रांती कशाला?" मॉरिसव्हिलच्या घरून निघायच्या आधीच रत्नाने विचारलं होतं. "तू कधी दुपारी पडत नाहीस."

"सुट्टी आहे म्हणून."

"झोपायला कोणी विमानाने जातं का?"

रत्ना मूळची पुण्याची. तिला खरं तर युरोप बघायचा होता. तेरा वर्षं बघायचा होता. पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपलेला. अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं की नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येणार नाही, आणि तो मिळेलच याची हमी नाही. म्हणून शैलेंद्रने मुलीच्या शाळेच्या यंदाच्या स्प्रिंग ब्रेकला देशातल्या देशात जमेल तेवढा युरोप काढला होता. फ्रेंच नावांचे रस्ते, दगडी चौक, घोडागाड्या. "पॅरिससारखंच आहे ना?" तो दर दहा मिनिटांनी विचारी. पॅरिस दोघांनीही पाहिलेलं नसल्यामुळे रत्ना "असेल" म्हणे.

तीन ते चारची गोष्ट वेगळी होती. शैलेंद्रची नोकरी गेल्याला एकोणपन्नास दिवस झाले होते. रत्नाला ते माहीत नव्हतं. तो रोज सकाळी आठला डबा घेऊन निघे, लायब्ररीत बसून अर्ज भरी आणि सहाला दमून घरी येई. कंपनीने दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवला होता, त्यामुळे महिन्याच्या महिन्याला संशय यायचं कारण नव्हतं. त्याच्या व्हिसाचा नियम मात्र सरळ होता. साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीने कागद दाखल करायचे, नाहीतर सामान बांधायचं. रत्ना त्याच्याच व्हिसाला टांगलेली. दहा वर्षांची अनया इथे जन्मलेली, तिला कोणी जा म्हणणार नव्हतं. पण ती एकटी राहणार कुठे?

सत्तर-ऐंशी अर्जांतून एक मुलाखत शेवटच्या फेरीपर्यंत पोचली होती. ती आज तीन वाजता होती. सहल रद्द केली तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून त्याने मुलाखतच सहलीत बसवली. नोकऱ्या मिळवून देणाऱ्या नकुलने फोनवर बजावलं होतं, "सर, उजेडात बसा. रूममध्ये कोणी नको. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे इंटरव्ह्यू एकाने दिला आणि जॉइन भलताच झाला. आता ते फार बारकाईने बघतात, यार."

"मी आहे तोच आहे," शैलेंद्र म्हणाला होता.

साडेबाराला तिघं स्थानिक जेवायला बसले. वेटरने टेबलावर कागद अंथरला आणि त्यावर लालभडक क्रॉफिशचा ढीग ओतला. कोळंबीला कोणी चिलखत घालून लढाईवर पाठवावं, तसा हा प्राणी.

"डॅड, इट्स लुकिंग ॲट मी," अनया म्हणाली.

"तू तुझी बटाटी खा." शैलेंद्रने बाह्या सरसावल्या. वेटर आधी म्हणाला होता, यात तीन प्रकार आहेत, साधं, तिखट आणि स्थानिक लोकांसाठीचं. शैलेंद्रने तिसरंच मागवलं होतं. शेपटी मोडून गर खायचा आणि डोकं तोंडाला लावून आतला रस ओढायचा, ही इथली रीत. रत्नाने एक शेपटी खाल्ली आणि हात पुसले. शैलेंद्रने डोकी ओढायला सुरुवात केली.

"कसं आहे?" रत्नाने विचारलं.

"आपल्या वरणासारखं."

"नाक गळतंय तुझं."

"एसी आहे."

चाळीस डोकी संपेपर्यंत त्याच्या ओठांना मुंग्या आल्या होत्या. त्या तिखटाच्या असाव्यात असं त्याने धरलं. कारण तिखट लागत नाही म्हणणाऱ्याला तिखट लागल्यासारखं झालं, तर ते कसं असतं हे ठाऊक असण्याचं कारण नाही. नागपूर समुद्रापासून दूर. कवच असलेला प्राणी शैलेंद्रने जन्मात प्रथमच खाल्ला होता. मग डोळ्यांना खाज सुटली आणि त्याने तेच हात डोळ्यांना लावले.

"तुझा चेहरा सुजतोय," रत्ना म्हणाली.

"ऊन लागलंय."

"सूज उन्हाने येते?"

"मला येते. तुम्ही नदीवर जा. मी वेळापत्रकाप्रमाणे आराम करतो."

हॉटेलच्या आरशात तीनला वीस मिनिटं कमी असताना त्याने स्वतःला पाहिलं. डोळ्यांच्या जागी कणकेच्या गोळ्यावर नखाने ओढाव्यात तशा दोन रेघा होत्या. वरचा ओठ जिलबीसाठी आंबवलेल्या पिठासारखा फुगून खालच्यावर ओघळला होता. त्याने तोंड धुतलं. तोंड धुतल्यावर सूज जात नाही, ती फक्त ओली होते. त्याने नकुलला फोन लावला.

"उद्या नाही का होत? तब्येत ठीक नाही."

"सर, मुलाखत घेणाऱ्या डेब्रा मॅडम उद्यापासून दोन आठवडे सुट्टीवर आहेत."

"कुठे?"

"युरोपला."

शैलेंद्रने मनात उरलेले अकरा दिवस मोजले आणि लॅपटॉप उघडला.

डेब्रा पिकल्या केसांची, शांत बाई होती. नमस्कार झाल्यावर तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"तुमचं लायसन्स चेहऱ्याशेजारी धरता का?"

त्याने धरलं. तिने फोटो पाहिला. त्याला पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला.

"मिस्टर मोहरील येणार आहेत का?" तिने सौजन्याने विचारलं.

"मीच मोहलील," तो म्हणाला. ओठाने 'र' सोडून दिला होता. "जेवणातून ॲलल्जी झाली आहे."

"अच्छा. कुठून बोलताय?"

"घलून," तो म्हणाला. एकोणपन्नास दिवस हवा तसा पत्ता सांगायची सवय होती, उत्तर आपसूक आलं.

"तुमच्या मागच्या दारावर आग लागली तर कुठून पळायचं याचा नकाशा आहे."

"सहलीला आलोय. माफ कला."

डेब्राने काहीतरी लिहून घेतलं. पण ती न्यायी होती. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि इथे शैलेंद्र सावरला. प्रश्न त्याच्या कामाचे होते. नऊ वर्षं त्याने तेच केलं होतं. चेहरा कोणाचाही असो, उत्तरं त्याची होती. तिसऱ्या उत्तराला तिने मान हलवली. पाचव्याला म्हणाली, "हे छान सांगितलंत." शैलेंद्रला वाटलं, निभावलं. त्याच क्षणी दाराचं कार्ड वाजलं आणि बर्फाची पिशवी, औषधाची बाटली आणि अनया यांच्यासह रत्ना आत आली.

"म्हटलं, नदी कुठे पळून जात नाही. या गोळ्या घे."

डेब्रा सरळ बसली. "खोलीत आणखी कोणी आहे?"

रत्ना वाकून पडद्यात आली. सुट्टीत, सुजलेल्या तोंडाने, हा माणूस ऑफिसची मीटिंग घेत बसलाय, एवढंच तिला दिसलं.

"मॅडम, हे गृहस्थ कोण आहेत, सांगाल का?"

"माझा नवरा. शैलेंद्र मोहरील."

"आणि बाळ, हे तुझे बाबा का?"

शाळेने अनयाला खरं बोलायला शिकवलं होतं. तिने शैलेंद्रकडे नीट पाहिलं. "आय थिंक सो," ती म्हणाली. "बट ही डझन्ट युज्वली लुक लाइक दॅट."

डेब्रा हसली. पहिल्यांदाच. शैलेंद्रने श्वास सोडला, आणि तो सोडताना छातीत शिट्टी वाजली. ती रत्नाने ऐकली आणि तिचा बांध फुटला.

"तुम्ही याच्या मॅनेजर ना? मग एक सांगते," ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. पुण्यात तिने आठ जणांची टीम सांभाळली होती. "या माणसाने वर्षभरात एक रजा घेतली नाही. मागच्या महिन्यात ताप असताना ऑफिसला गेला. सुट्टीचे चार दिवस तरी त्याला सोडा."

"लत्ना, थांब," शैलेंद्र म्हणाला.

"तू गप बस. श्वास बघ तुझा."

"हे ऑफिसला जातात?" डेब्राने विचारलं. "सध्या?"

"रोज. आठला निघतो. परवा विमानाच्या आदल्या दिवशीसुद्धा गेला होता. नऊ वर्षं एकाच कंपनीत आहे, विचारा कोणालाही."

डेब्राने समोरचा कागद सावकाश वर उचलला. "मिस्टर मोहरील यांच्या अर्जाप्रमाणे त्यांनी ती कंपनी सात आठवड्यांपूर्वी सोडली आहे."

खोलीत बर्फाची पिशवी गळत होती.

"म्हणजे हा अर्ज तुमच्या नवऱ्याचा नाही," डेब्रा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थोडं वाईट वाटल्यासारखं होतं. "किंवा हे तुमचे पती नाहीत. ते शोधणं माझं काम नाही. उत्तरं फार चांगली होती. ज्यांची असतील त्यांना सांगा."

पडदा काळा झाला. त्यात तिघांचे चेहरे दिसले. त्यातले दोन ओळखू येत होते.

"सात आठवडे?" रत्नाने विचारलं.

"एकोणपन्नास दिवस."

"आणि डबा?"

"लायब्ललीच्या पाल्किंगमध्ये खायचो. गाडीत."

"मी तुला शुक्रवारी पुरणपोळी दिली होती."

"तीपण गाडीत."

रत्ना पलंगाच्या कडेवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "किती दिवस राहिले?" तेरा वर्षं त्याच्या व्हिसावर काढलेल्या बाईला साठचा नियम समजावून सांगावा लागत नाही.

"अकला."

"मला का नाही सांगितलंस?"

यावर त्याच्याकडे उत्तर होतं. तू घाबरशील, असं ते होतं. पण घाबरलेला कोण आहे, हे त्या चेहऱ्यावरूनसुद्धा दिसत असावं. तो बोलायला गेला आणि छातीतली शिट्टी पुन्हा वाजली, या वेळी लांब. रत्ना उठली. तिने त्याच्या हातात बूट दिले, अनयाला दप्तर दिलं आणि गाडी बोलावली.

दोन चौक पलीकडे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग होता. नर्सने शैलेंद्रला पाहताच आत नेलं, दंडात इंजेक्शन टोचलं, नाकाला मास्क लावला आणि सांगितलं की आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर गोष्ट वेगळी होती. कवचवाल्या प्राण्यांच्या वाट्याला यापुढे जाऊ नका. रात्रभर इथे लक्ष ठेवावं लागेल. अनया शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती.

"आर वी गोइंग बॅक टू इंडिया?" तिने विचारलं. तिला मराठी सगळं समजत असे.

शैलेंद्रने मास्क तसाच ठेवून हात पुढे केला आणि तिने तो धरला, जरा जपून, कारण त्याला अजून क्रॉफिशचा वास येत होता.

काउंटरवरच्या मुलीने रत्नाला फॉर्म दिला. नाव, जन्मतारीख, कशाची ॲलर्जी, विम्याचा नंबर. विम्याच्या नंबरापाशी रत्नाने नुसतंच मागे वळून पाहिलं. शैलेंद्रने मान हलवली. तो महिनाअखेरपर्यंत चालू होता.

ती भरत गेली. मग पेन थांबलं.

"पेशंटचं कामाचं ठिकाण," तिने वाचलं. "इथे काय लिहू?"

शैलेंद्रने मास्क बाजूला केला. गेले सात आठवडे तो या प्रश्नाला रोज एक तयार उत्तर घेऊन घराबाहेर पडत होता.

"लिकामं ठेव," तो म्हणाला.

"रिकामं ठेवलं तर कॉम्प्युटर घेत नाही, असं म्हणतेय ती."

रत्नाने क्षणभर विचार केला. मग इतर रकान्यांसारख्याच सुबक अक्षरात तिने लिहिलं: सध्या सुट्टीवर.