अध्यक्षांचं खरं वय

नियमांनी चालणारा माणूस देवणीत माझ्याइतका दुसरा नाही. हे मी स्वतःच सांगतोय म्हणून खोटं समजू नका. दुसरं कोणी सांगत नाही, म्हणून मला सांगावं लागतं!

आमचं नवचैतन्य तरुण मंडळ. चौदा वर्षं मी त्याचा अध्यक्ष होतो. माझ्या पशुखाद्याच्या दुकानात गिऱ्हाईक मला 'पेंडवाले' म्हणतं, घरात बायको 'अहो, ऐकलं का' म्हणते आणि आई 'ए भाग्या' म्हणते. 'अध्यक्षसाहेब' ही हाक फक्त मंडळातच मिळायची. त्यात यंदा आमच्या पोळ्याच्या मिरवणुकीचं पंचविसावं वर्ष! सगळ्यात पुढं मानाचा देवणी बैल आणि त्याचा कासरा अध्यक्षाच्या हातात. यंदा तो कासरा मला धरायचाच होता. फेटासुद्धा सहा महिने आधीच घेऊन ठेवला होता.

आणि मध्येच गुरुपादप्पा उपटला. हा बियाण्यांचा दुकानदार, शाळेत माझ्या तीन वर्ग पुढं. चारचौघांत मला म्हणाला, "भागवत, चौदा वर्षं झाली की. आता दुसऱ्याला बी धरू दे कासरा. यंदा अध्यक्षपदाला मी उभा राहतोय." वर आणखी, "अन् पोरींनाबी सदस्य करा. पोरींनी काय नुसत्या रांगोळ्याच काढायच्या का?"

पोरींचा विषय दरवर्षी निघतो. मी दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो, आणि पुढचं वर्ष आलं की पुन्हा तेच म्हणतो. त्याची मला चिंता नव्हती. चिंता होती ती गुरुपादप्पाची.

रात्रंदिवस डोकं चालवलं. मी एकोणचाळीस वर्षांचा. तो माझ्या तीन वर्ग पुढं, म्हणजे बेचाळीसच्या आत काही नाही. बस्स! तरुण मंडळात तरुणच असावेत, याला कोण नाही म्हणणार? नियमच करून टाकायचा: सदस्य असो की अध्यक्ष, वय अठरा ते चाळीस!

नियमावली टाइप करायला पुतणीला बसवलं. तनुजा तिचं नाव. रोज उदगीरला कॉलेजला जाते, बोटं शिवणयंत्रासारखी चालतात. "काका, सही करायच्या आधी एकदा वाचून बघा," म्हणाली.

"वाचायचं काय त्यात? मीच सांगितलंय की!" म्हणत मी सही ठोकली.

रविवारी समाजमंदिरात बैठक भरली. टिपणं घ्यायला तनुजालाच नेलं होतं. वयाच्या नियमासकट सगळी नियमावली एकमतानं मंजूर! गुरुपादप्पानंही हात वर केला. मला वाटलं, बिचाऱ्याच्या लक्षातच आलं नाही.

मग आमचा सचिव मकबूल उठला. त्याचं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे सगळ्या गावाच्या आधार कार्डांच्या प्रती त्याच्याकडे. एकेक नाव वाचता वाचता तो म्हणाला, "गुरुपादप्पा. जन्म एक जून सत्त्याऐंशी. वय अडतीस. बसतंय नियमात."

"अडतीस?" मी ताडकन उठलो. "माझ्यापेक्षा लहान? अरे, मी पहिलीत होतो तेव्हा हा चौथीत होता!"

"अध्यक्ष, कागद बोलून राहिलाय, मी न्हाई," मकबूल शांतपणे म्हणाला.

गुरुपादप्पा हसला. "पाचवीत लई येळा नापास झालो. मंग बानं निलंग्याच्या शाळेत नव्यानं घातलं. तिथं पाच वर्षं कमी झाली."

यादी नीट बघितली तर तिशीच्या पुढच्या अकरा जणांपैकी दहा जणांचा जन्म एक जूनचा! आमच्या वेळच्या मास्तरांनी सगळ्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. अकरावा मकबूल. तो लातूरला दवाखान्यात जन्मला, आणि त्याचा त्याला आजही अभिमान आहे.

"कागद मान्य नाही!" मी टेबलावर हात आपटला. "खरं वय धरा!"

"लिहून घेऊ?" तनुजानं विचारलं.

"लिही! अध्यक्षासकट सगळ्यांना लागू!"

'अध्यक्षासकट' म्हणायची काही गरज नव्हती. पण जोरात बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. हाही नियम एकमतानं मंजूर झाला.

गुरुपादप्पा सावकाश उठला. "मान्य हाय. माझं खरं वय त्रेचाळीस. म्या कवा लपिवलं? मी बाहेर."

जिंकलो! मला इतका आनंद झाला की त्याला चहा पाजावासा वाटला. पण तो दारात थांबला. "भागवत, आता तुझंबी खरं वय सांगून टाक की."

"एकोणचाळीस!"

"कोन म्हणलं?"

"माझ्या आईला विचार!"

आई समोरच्या पारावर बसली होती. तनुजा तिला हाताला धरून घेऊन आली. एवढ्या लोकांत आपल्याला बोलावलं म्हणून आई खूश. मी म्हणालो, "आई, माझं खरं वय सांग सगळ्यांना."

"त्यात काय सांगायचं? तू अन् गुरुपाद एकाच उन्हाळ्यातले. त्याच्या माईचं अन् माझं डोहाळजेवण संगंच झालं."

"आई!"

"आरं, खरं तेच सांगून राहिले न्हवं! शाळा म्हणलं की तू गोठ्यात वासरामागं दडायचास. नऊ वर्षांचा घोडा झालास, तवा कुठं गेलास. मास्तर म्हणले, एवढं थोरलं पोरगं पहिलीत बसवू कसं? म्या म्हणलं, लिहा की पाच!"

समाजमंदिर हसून हसून लोळलं. आणि मला एकेक गोष्ट आठवत गेली. पहिलीत मी वर्गात सगळ्यात उंच होतो. ते आमच्या देवणी गाईच्या दुधामुळे, असं मी आजवर समजत होतो. पाचवीत मला मिसरूड फुटलं, तेही मी दुधाच्याच खात्यावर घातलं होतं!

"भागवतभाऊ त्रेचाळीस," मकबूलनं वाचलं. "बाहेर." क्षणात 'अध्यक्ष'चा 'भागवतभाऊ' झाला. खोटं कशाला बोलू, लई वाईट वाटलं.

"मग अध्यक्षपदासाठी माझं नाव लिहा," तनुजा म्हणाली.

"तुझं? मुली सदस्य नाहीत आपल्यात!"

मकबूलनं नियमावली उचलली. "सदस्य म्हणजे गावात राहणारी, अठरा ते चाळीस वयाची कोणतीही व्यक्ती. खाली सही भागवतभाऊंची."

"काका, वाचून बघा म्हटलं होतं मी," तनुजा म्हणाली. तिचं वय वीस. खरंही वीस आणि कागदावरही वीस. पोरांनी भराभर हात वर केले. विरोध म्हणून मीही केला, तर मकबूल हळूच म्हणाला, "हात खाली घ्या भाऊ. तुमाला मत न्हाई."

गुरुपादप्पाला आणि मला सल्लागार नेमलं. सोबत नवा नियम: विचारल्याशिवाय सल्लागारांनी सल्ला देऊ नये. तोही एकमतानं मंजूर!

पोळ्याच्या दिवशी अंग दुखतंय म्हणून मी घरीच पडून राहिलो. लांबून हलगी ऐकू येत होती. तेवढ्यात फोन वाजला. तनुजा!

"काका, तुमचा सल्ला पाहिजे! बैल चौकात येऊन थांबलाय, पाऊल उचलेना. मी काय करू?"

मी उठून उभा राहिलो. अंगदुखी पळाली! शेवटी अनुभव तो अनुभव. घसा खाकरला आणि म्हणालो, "हे बघ तनुजा, आधी बैलाचं मन समजून घ्यावं लागतं. दोन हजार बाराची गोष्ट सांगतो. तेव्हा असाच एक बैल..."

"निघाला काका, निघाला! ठेवते हं!"

दोन हजार बाराची ती गोष्ट फार चांगली आहे. दुपारी मी दुकानात असतो. कोणी विचारलंच, तर सांगेन म्हणतो.